व्यायाम सुरू करण्याआधीचा आठवडा: घरी काय मोजायचे आणि डॉक्टरांकडे केव्हा जायचे

दिवाळीचा फराळ संपला की बागेत आणि जिममध्ये नवे चेहरे दिसू लागतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा दोन-तीन आठवड्यांत गुडघा दुखू लागतो, नाहीतर पाठ धरते. मोजक्या काही जणांच्या बाबतीत प्रकरण गंभीर होते, कारण चढण चढताना छातीवर येणारा दाब त्यांनी कित्येक महिने ॲसिडिटी समजून अंगावर काढलेला असतो. यातले बरेचसे आधी कळण्यासारखे असते. त्यासाठी लागते ते एवढेच: एक आठवडा, शिवणकामाची टेप, दंडावर पट्टा बांधायचे बीपीचे यंत्र, सेकंद दाखवणारे घड्याळ, हात नसलेली खुर्ची आणि एक वही.

हा लेख आहे तो पस्तिशी ते सत्तरीतल्या आणि बरीच वर्षे बैठे आयुष्य गेलेल्या माणसासाठी. गरोदर स्त्रिया, नुकतीच बाळंतीण झालेल्या, गेल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया झालेले किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले यांचा मार्ग वेगळा आहे आणि तो त्यांच्या डॉक्टरांकडूनच सुरू होतो.

तपासणीतून दोनच प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. आज सुरुवात करणे सुरक्षित आहे का? आणि असेल तर कोणत्या पायरीवरून? बाकी जे काही मोजाल, ते या दोन प्रश्नांच्या कामी येत नसेल तर मोजू नका.

पहिला दिवस: यंत्र नको, प्रामाणिक उत्तरे हवीत

जगभर वापरली जाणारी ‘पार-क्यू प्लस’ ही प्रश्नावली मूळची कॅनडातली. तिच्या पहिल्या पानावर सात प्रश्न असतात. त्यांचा आशय असा:

१. हृदयाचा आजार किंवा उच्च रक्तदाब असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?
२. बसल्या जागी, रोजची कामे करताना किंवा श्रम करताना छातीत दुखते का?
३. चक्कर येऊन तोल जातो का, किंवा गेल्या १२ महिन्यांत शुद्ध हरपली आहे का?
४. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा विकार असा दुसरा कोणता दीर्घकाळचा आजार आहे का?
५. अशा आजारासाठी रोजची औषधे चालू आहेत का?
६. हाड, सांधा किंवा स्नायूचे असे दुखणे आहे का, जे जास्त हालचालीने वाढेल?
७. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय व्यायाम करू नका, असे कोणी सांगितले आहे का?

सातही उत्तरे खरोखर ‘नाही’ असतील तर हलका ते मध्यम व्यायाम सुरू करायला बहुतेकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नसते. अडचण असते ती ‘खरोखर’ या शब्दात. दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे सर्रास ‘नाही’ लिहिले जाते, कारण हृदयाचे दुखणे दरवेळी ‘दुखणे’ म्हणून येत नाही. छाती आवळल्यासारखी वाटते, जड होते, भरून येते. कधी जबडा, मान, डावा हात, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग अवघडतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर नुसती धाप, मळमळ किंवा न झेपणारा थकवा एवढेच लक्षण असू शकते. म्हणून प्रश्न असा विचारा: जिना, चढण, सामानाची पिशवी किंवा बस पकडायची घाई यांनी काही त्रास होतो का आणि थांबल्यावर काही मिनिटांत तो जातो का? श्रमाने येणारा आणि विश्रांतीने जाणारा त्रास गॅसचा समजू नका. उत्तर ‘हो’ असेल तर हा आठवडा इथेच थांबवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

याच यादीत आणखी चार गोष्टी धरा: सपाट झोपल्यावर दम लागून उठून बसावे लागणे, संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर सूज येणे, कारण नसताना छातीत धडधडणे, आणि ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येऊन थांबावे लागणे. शेवटचे लक्षण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे असू शकते. ‘वयामुळे पाय दुखतात’ म्हणून ते हमखास दुर्लक्षिले जाते.

वहीत घराण्याचीही नोंद करा. वडील किंवा सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा सख्ख्या बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर ती माहिती डॉक्टरांना नक्की सांगा. घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल तर तेही सांगा.

यापुढचा निर्णय अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१५ साली सोपा करून दिला. त्याआधी वय आणि जोखमीचे घटक मोजून माणसांना सरसकट तपासणीला पाठवले जाई, आणि त्या अडथळ्यानेच पुष्कळ जण व्यायाम सोडून देत. आता पाहायचे ते तीन मुद्दे. गेले तीन महिने आठवड्यातून किमान ३ दिवस, ३० मिनिटे मध्यम व्यायाम चालू आहे का? हृदय, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, किंवा वरची लक्षणे आहेत का? आणि किती जोराचा व्यायाम करायचा आहे? लक्षणे असतील तर आधी डॉक्टर, मग व्यायामाची सवय असो वा नसो. आजार आहे, लक्षणे नाहीत, पण व्यायामाची सवयही नाही, तरीही आधी डॉक्टर. आजार नाही आणि लक्षणेही नाहीत, तर हलक्या-मध्यम जोराने सरळ सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा.

दुसरा ते चौथा दिवस: नाडी आणि बीपी

नाडी सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधले बोट ठेवा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याचे स्वतःचे ठोके मोजणीत मिसळतात. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणले तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. तीन दिवसांची सरासरी काढा. प्रौढांमध्ये ६० ते १०० हे नेहमीचे प्रमाण. सलग तीन सकाळी शंभराच्या वर असेल तर व्यायामाआधी कारण शोधायला हवे. रक्त कमी असणे, थायरॉइड वाढलेला असणे, अंगात ताप मुरलेला असणे ही त्यातली नेहमीची कारणे. ठोके मध्येच चुकत असतील किंवा ताल सतत वेडावाकडा असेल, तर ईसीजी काढून घ्या.

बीपीबाबत चूक यंत्रापेक्षा मोजण्याच्या पद्धतीत जास्त होते. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि श्रम नकोत. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता ५ मिनिटे शांत बसा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधा. शर्टाची बाही किंवा ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळली तर तीच दंडाला आवळते आणि आकडा बिघडतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागवा, कारण लहान पट्टा बीपी खोटेच जास्त दाखवतो. मोजताना बोलू नका, मोबाइलही पाहू नका. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, असे तीन दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, त्यात धास्तीचा वाटा असतो. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजा आणि पुढे जास्त आकडा येईल तोच हात वापरा. दोन हातांत सतत १५ किंवा त्याहून जास्त फरक येत असेल तर तोही डॉक्टरांना दाखवण्यासारखा आहे.

घरच्या आकड्यांची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर पुढे चला. त्या आकड्याला किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. चालणे मात्र त्यासाठी थांबवायची गरज नसते. वरचा आकडा १६० किंवा खालचा ९० वर गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाली दिलेल्या क्षमतेच्या चाचण्या करू नका. १८०/११० दिसले तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तेवढेच आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा नजर अंधुक झाली असेल तर थेट रुग्णालयात जा.

घरी यंत्र नसेल तर विकत घ्यायची घाई नको. ३० वर्षांवरील सर्वांसाठी बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी उपकेंद्रांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, मोफत होते. आशाताई घरी येऊन वय, तंबाखू, कंबर, घराण्यातले आजार यांचा जो तक्ता भरून घेतात, तोही याच कामाचा आहे. त्यात चारपेक्षा जास्त गुण आले तर तपासणीला प्राधान्य द्यायचे असते.

कंबर: वजनकाट्याहून खरी

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरातली २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी कशी लपलेली असते, हे त्या एका छायाचित्राने जितके पटते तितके पानभर आकड्यांनी पटत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणलेल्या आहेत. २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. किलोमधले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो.

पण त्याहून महत्त्वाची कंबर. पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पॅन्ट पोटाच्या खाली बांधली जाते आणि पोट तिच्यावरून पुढे येते. बरगडीचे सगळ्यात खालचे हाड बाजूने चाचपा. नितंबाच्या हाडाची वरची कडा चाचपा. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. त्या खुणेवरून टेप जमिनीला समांतर फिरवा, कातडीला टेकवा पण आवळू नका, आणि सहज श्वास सोडून झाल्यावर वाचा. पोट आत ओढणे नको. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा. दुसरा सोपा ठोकताळा असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

जिममध्ये उभे राहून मिळणारा ‘बॉडी फॅट’चा कागद यापुढे दुय्यम आहे. ते यंत्र शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडून पाण्याच्या प्रमाणावरून अंदाज बांधते. त्यामुळे पाणी कमी प्यायलेल्या दिवशी, घाम गेल्यावर किंवा पाळीच्या दिवसांत आकडा हलतो. वापरायचेच असेल तर एकाच यंत्रावर, एकाच वेळी, उपाशीपोटी वापरा.

कंबर मोजलीच आहे तर मधुमेहाचा धोकाही काढून ठेवा. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी बनवलेली गुणपद्धत वहीच्या अर्ध्या पानावर मावते. वय ३५ च्या आत असेल तर ०, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढे ३०. कंबर: स्त्रियांत ८० च्या आत ०, ८० ते ८९ ला १०, ९० पासून २०. पुरुषांत ९० च्या आत ०, ९० ते ९९ ला १०, १०० पासून २०. नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा.

समजा, एक ४५ वर्षांचा कारकून आहे. कंबर ९४ सेंटीमीटर, व्यायाम नाही, आईला मधुमेह. २० + १० + ३० + १०, म्हणजे ७०. याने साखर तपासूनच सुरुवात करावी. आता या माणसाला लेखाच्या शेवटापर्यंत सोबत घेऊ.

रक्त, ईसीजी आणि ‘ट्रेडमिल टेस्ट’ची घाई

हजारो रुपयांचे पॅकेज घेण्याआधी हे लक्षात घ्या की सुरुवात करणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाला सहसा पाचच गोष्टी पुरतात: हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी) आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणे. शेवटची गोष्ट पॅकेजमध्ये बहुधा नसते आणि तीच सगळ्यात उपयोगाची. छातीला नळी लावून झडपेचा आवाज ऐकणारा माणूस जे पकडतो, ते रक्ताच्या अहवालात येत नाही.

उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ सीमारेषेवर, १२६ पासून मधुमेहाची शक्यता. एचबीएवनसी ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी तपासणी पुन्हा होते. हिमोग्लोबिनकडे स्त्रियांनी विशेष लक्ष द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असताना दोन जिने चढून धाप लागते आणि बाई स्वतःला आळशी समजू लागते. ‘स्टॅमिना नाही’ असे सांगून तिला आणखी पळवणे चूक आहे. आधी लोह भरून काढा. पुरुषांत ही सीमा १३.

ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी, लक्षणे असणाऱ्याला, किंवा बरीच जोखीम असताना जोरकस व्यायाम करू पाहणाऱ्याला डॉक्टर सांगतात, आणि तिथे ती योग्यच आहे. पण लक्षणे नसलेल्या, कमी जोखमीच्या माणसाने केवळ मनाच्या समाधानासाठी ती करून घेऊ नये. अशा गटात, विशेषतः स्त्रियांत, ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या अहवालांपैकी बरेच खोटे ठरतात आणि मग अँजिओग्राफीपर्यंत विनाकारण फरफट होते. उलट बाजूही आहे. ही चाचणी रक्तप्रवाह अडवण्याइतका मोठा अडथळा शोधते. लहान अडथळा तिला दिसत नाही, आणि झटका लहान अडथळा फुटूनही येऊ शकतो. अहवाल चांगला आला म्हणून व्यायामात छातीवर येणारा दाब सोसत राहू नका.

औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळे लिहून न्यावेत. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी बीपीची औषधे नाडी दाबून ठेवतात, म्हणून नाडीवर आधारलेली सगळी गणिते तुमच्यासाठी चुकतील. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर व्यायामात आणि नंतर काही तास घसरू शकते. सुरुवातीला व्यायामाआधी साखर मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके खा, म्हणजे एखादे मध्यम केळे. २५० च्या वर असून बरे वाटत नसेल किंवा लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात तयार होणारी द्रव्ये) असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना तपासल्याशिवाय जड वजने उचलू नका. पडद्यावर नाजूक नवीन रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील तर श्वास रोखून जोर लावताना त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. आणि पायाला बधिरता असेल तर अनवाणी हिरवळीवर चालण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नका.

पाचवा दिवस: तोल आणि ताकद

जेवणानंतर किमान दोन तास गेलेले असावेत. पाच मिनिटे घरातच चालून अंग मोकळे करा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी तोल, मग ताकद. थकलेल्या पायांनी तोल तपासला तर आकडा खोटा येतो आणि पडण्याची भीती वेगळीच.

तोल: भिंतीजवळ अनवाणी उभे राहा, एक पाय उचलून त्याचे पाऊल दुसऱ्या पोटरीच्या मागे टेकवा, हात बाजूला सोडा, नजर समोर ठेवा. १० सेकंद जमले पाहिजेत. तीन प्रयत्नांतही जमत नसेल तर पळणे, उड्या आणि झुम्बा बाजूला ठेवून आधी तोलाचे व्यायाम करा.

जमिनीवर बसून उठणे: ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल अराउजो यांनी वापरात आणलेली ही चाचणी आपल्याला अगदी जवळची आहे. पंगतीत मांडी घालून बसणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. सतरंजीवर अनवाणी उभे राहा. कशाचाही आधार न घेता बसा आणि तसेच उठा. बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५ गुण. हात, गुडघा, मांडी, जे जे टेकवाल त्याचा प्रत्येकी १ गुण कापा, आणि डगमगलात तर अर्धा. वेगाला गुण नाहीत. ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार माणसांच्या त्यांच्या २०१२ मधल्या अभ्यासात कमी गुण मिळवणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यू जास्त आढळले. त्याने घाबरून जाऊ नका. या एका हालचालीत पायांची ताकद, नितंबाची लवचीकता आणि तोल एकत्र तपासले जातात, एवढा तिचा उपयोग. गुडघ्याचे किंवा नितंबाचे ऑपरेशन झालेल्यांनी ही चाचणी करू नये.

खुर्चीवरून उठणे: बैठकीची उंची साधारण ४३ सेंटीमीटर आणि पाठ भिंतीला टेकलेली, म्हणजे खुर्ची सरकणार नाही. हात छातीवर आडवे घ्या. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता ते मोजा. गुडघे पूर्ण सरळ झाले तरच एक. वेळ संपताना अर्ध्याहून वर उठला असाल तर तो धरा. हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. साठी ते चौसष्टीत पुरुषांचे १४ आणि स्त्रियांचे १२, तर ६५ ते ६९ मध्ये अनुक्रमे १२ आणि ११, याहून कमी आकडा सरासरीखालचा मानतात. त्याहून तरुण माणसाने निदान हे आकडे सहज ओलांडायला हवेत. ओलांडता येत नसतील तर जिममधल्या स्क्वॉटच्या रॅकऐवजी हीच खुर्ची तुमचे पहिले उपकरण.

हात-खांद्यांसाठी पुश-अप. जमिनीवर एकही नीट होत नसेल तर ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेवर करा आणि उंची वहीत लिहा. पाठ वाकली किंवा श्वास रोखला गेला की मोजणी थांबली. बीपी आटोक्यात नसलेल्यांनी पुश-अप आणि प्लँक दोन्ही सोडावेत.

घोट्याची लवचीकता मात्र तपासाच, कारण गुडघादुखीचे मूळ पुष्कळदा तिथे असते. भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटर लांब ठेवून हे जमले तर छान. दोन पायांत मोठा फरक असेल तर पळण्याआधी पोटऱ्यांवर काम हवे.

सांध्यांबाबत एक सीमा स्पष्ट असू द्या. सुरुवातीचे ठणकणे आणि आखडणे चालेल. गुडघा सुजणे, अडकून बसणे किंवा चालताना दगा देणे चालणार नाही. पाठीच्या दुखण्यासोबत पायात कमजोरी, जांघेच्या भागात बधिरता किंवा लघवीवरचा ताबा जाणे हे तर तातडीचे दुखणे आहे.

सहावा किंवा सातवा दिवस: एक मैलाची चाल

दमसासाची ही चाचणी पळायला न लावता उत्तर देते. शाळेच्या किंवा जिल्हा क्रीडा संकुलाच्या ४०० मीटरच्या धावपट्टीवर आतल्या लेनमधून चार फेऱ्या आणि वर नऊ मीटर, म्हणजे एक मैल (१६०९ मीटर). धावपट्टी नसेल तर सपाट, सिग्नल नसलेला रस्ता शोधून अंतर आधी मोजून ठेवा. पहाटे करा. कोकणातल्या दमट हवेत आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तेच अंतर चालताना नाडी बरीच वर जाते, म्हणून तारीख, वेळ आणि हवा वहीत लिहा. आधी तीन तास चहा-तंबाखू नको.

पाच मिनिटे सावकाश चाला. मग न पळता जितके झपझप चालता येईल तितके चाला. सगळ्यात नेहमीची चूक पहिल्या फेरीतच होते. जोरात सुरुवात, मग तिसऱ्या फेरीत ढेपाळणे. चारही फेऱ्या सारख्या वेळात पडायला हव्यात. संपताच वेळ टिपा आणि पाच सेकंदांच्या आत नाडी धरा. १५ सेकंद मोजून चारने गुणा. इथे पूर्ण मिनिट मोजू नका, कारण थांबल्याबरोबर नाडी उतरू लागते. मानेवर मोजत असाल तर एकाच बाजूला, हलक्या बोटांनी. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर भोवळ येऊ शकते.

आता गणित. १३२.८५ मधून वजा करा: वजन किलोत गुणिले ०.१७, वय गुणिले ०.३८८, वेळ मिनिटांत गुणिले ३.२६५ आणि नाडी गुणिले ०.१५७. पुरुष असाल तर ६.३ मिळवा. आपल्या कारकुनाचे वजन ७२ किलो, वेळ १५ मिनिटे ३० सेकंद, नाडी १२८. उत्तर येते जवळपास ३९, म्हणजे जास्तीत जास्त श्रमात दर मिनिटाला, दर किलो वजनामागे शरीर ३९ मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकते असा अंदाज. वेळ लिहिताना १५.३० नव्हे, १५.५ धरायचे. हे सूत्र अमेरिकेतल्या ३० ते ६९ वयाच्या लोकांवरून बसवलेले आहे, म्हणून आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडू नका. तो आठ आठवड्यांनी स्वतःच्याच आकड्याशी ताडायचा.

छातीत दाब, नेहमीपेक्षा वेगळी धाप, घेरी, थंड घाम, पोटरीत कळ किंवा पायांचा लटपटाट यांपैकी काहीही जाणवले तर फेरी पूर्ण करायचा हट्ट नको. थांबा आणि बसा. छातीतला दाब काही मिनिटांत गेला नाही तर १०८ ला फोन करा. ताप असताना किंवा तापातून उठल्या-उठल्या ही चाचणी करूच नका. एका पंधरवड्याने काही बिघडत नाही.

वहीवरून वेळापत्रक

कारकुनाची सकाळची नाडी ७६. कमाल नाडीचा अंदाज २०८ वजा वयाच्या ०.७ पट, म्हणजे १७६.५. ‘२२० वजा वय’ हे सूत्र जास्त प्रसिद्ध आहे, पण वाढत्या वयात ते आकडा कमी दाखवते. दोन्हीत चूक होऊ शकते, दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज. १७६.५ मधून ७६ गेले, उरले १००.५. त्याचे ४० ते ५० टक्के काढून ७६ मिळवले की ११६ ते १२६. पहिले चार आठवडे त्याने नाडी याच पट्ट्यात ठेवावी. चाचणीत ती १२८ पर्यंत गेली होती, म्हणजे चाचणीतला वेग त्याच्यासाठी सध्या रोजचा नव्हे. नाडीची औषधे घेणाऱ्यांनी हे गणित सोडून बोलण्याची कसोटी वापरावी: सलग वाक्ये बोलता यावीत, पण गाणे म्हणता येऊ नये.

सुरुवात २० मिनिटांनी, आठवड्यातून चार-पाच दिवस, आणि दर आठवड्याला प्रत्येक फेरीत पाच मिनिटांपेक्षा जास्त भर नाही. पोचायचे आहे ते आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत आणि ताकदीच्या दोन दिवसांपर्यंत. खुर्चीच्या चाचणीत १२ आले असतील तर एका वेळी ६ ते ८ उठाबशा, तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विसावा. म्हणजे कमाल आकड्याच्या निम्म्याच्या थोडे वर. पहिल्या आठवड्यात कमालीपर्यंत गेलात तर तिसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही, आणि चौथ्या दिवशी व्यायाम सुटेल.

आठव्या आठवड्यानंतर तीच वही, तीच खुर्ची, तोच रस्ता आणि शक्यतो तीच वेळ. कंबर, बीपी, खुर्ची आणि चाल एवढेच पुन्हा मोजा. एचबीएवनसीची घाई नको. ती चाचणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा ताळा देते, म्हणून बाराव्या आठवड्याआधी केल्यास जुन्या महिन्यांचेच ओझे तिच्यात दिसेल. वजन हलले नाही पण कंबर तीन सेंटीमीटर उतरली आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेळात नाडी १२८ वरून ११८ वर आली, तर कार्यक्रम बरोबर चालला आहे. सकाळची नाडी मात्र सलग काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर दिसली, झोप उडाली किंवा पाय सतत जड वाटले, तर आठवडाभर अर्धाच व्यायाम करा. तरी नाडी उतरली नाही तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.